डिक्री ९००च्या मागावर: ग्वाटेमालातला प्रवास

सोमवार, ग्वाटेमाला सिटी

शहराच्या मुख्य चौकात कॅथेड्रल आहे. त्याच्या दर्शनी बाजूला जाड दगडी खांब आहेत आणि त्या खांबांवर नावं कोरलेली आहेत. कत्तलीत मेलेल्यांची, घरातून उचलून नेल्यावर परत न आलेल्यांची. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येतं, तेव्हा घरंच्या घरं गेलेली आहेत हे वाचता वाचता लक्षात येतं. पलीकडे हिरवट रंगाचा राजवाडा उभा आहे, उबिको नावाच्या हुकूमशहाने बांधलेला. चौकात फुगेवाले, मक्याची कणसं भाजणाऱ्या बाया, बूटपॉलिश करणारी पोरं.

या देशात १९६० ते १९९६ अशी ३६ वर्षं यादवी चालली. संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. मेलेले आणि बेपत्ता मिळून दोन लाखांवर माणसं, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी, आणि ९३ टक्के अत्याचार सरकारी फौजा व त्यांच्या हस्तकांनी केलेले. आयोगाच्या आधी चर्चने स्वतः हेच काम केलं होतं. बिशप हुआन हेरार्दी यांनी २४ एप्रिल १९९८ रोजी याच कॅथेड्रलमध्ये तो अहवाल मांडला आणि दोन दिवसांनी, जवळच्याच सान सेबास्तियान चर्चच्या आवारात त्यांना ठार मारण्यात आलं. पुढे तीन लष्करी माणसांना आणि एका पाद्र्याला त्यासाठी शिक्षा झाली. संध्याकाळी तिथवर चालत गेले. चर्चमध्ये जपमाळ चालली होती.

मी इथे का आले, ते आधी सांगते. आमची रावेर तालुक्यातली जमीन आजोबांना कूळकायद्यात मिळाली. १ एप्रिल १९५७, कृषक दिन, ही तारीख आमच्या घरात जन्मतारखेसारखी सांगितली जाते. तहसीलदारापुढे कूळकायद्याच्या कलम ३२ गचं प्रकरण चाललं, किंमत ठरली, आजोबांनी ती हप्त्यांनी फेडली आणि सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं. सगळ्याच कुळांचं असं झालं नाही. पुष्कळांना जमीनमालकांनी कायदा लागू व्हायच्या आधीच हुसकावलं होतं. पण आमचं झालं, म्हणून माझे वडील शिकले, मी शिकले. जवळपास त्याच वर्षांत ग्वाटेमालात असाच एक कायदा झाला होता, डिक्री ९००. त्याचं काय झालं हे वाचल्यापासून हा देश बघायचा होता. सोबत मामेभाऊ आहे. दादा ह्यूस्टनला राहतो, त्याचं स्पॅनिश अस्खलित आहे.

मंगळवार, दफनभूमी

सकाळी हाकोबो आर्बेन्स यांच्या समाधीवर गेलो. दफनभूमी जिथे संपते तिथे खोल दरी आहे आणि दरीत शहराचा कचरा पडतो. आकाशात गिधाडं असतात. आर्बेन्स १९७१ मध्ये मेक्सिकोत परागंदा अवस्थेत गेले. त्यांच्या अस्थी मायदेशी यायला १९९५ साल उजाडलं.

उबिको पायउतार झाल्यावर त्याच्या मागे उरलेली लष्करी राजवट १९४४च्या ऑक्टोबर क्रांतीने मोडून काढली, तेव्हा आर्बेन्स तरुण लष्करी अधिकारी होते आणि उठावाच्या नेत्यांपैकी एक होते. राष्ट्राध्यक्ष म्हणून आधी हुआन होसे आरेवालो निवडून आले, १९५१ मध्ये आर्बेन्स. शपथविधीच्या भाषणात त्यांनी सांगितलं की देशाची सरंजामी अर्थव्यवस्था मोडून आधुनिक भांडवलशाही देश घडवायचा आहे. हा शब्द त्यांचाच, भांडवलशाही. दोन टक्के जमीनमालकांकडे देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास जमीन होती. १७ जून १९५२ रोजी डिक्री ९०० आली. मोठ्या मालकांची फक्त पडीक जमीन घ्यायची, तीही २५ वर्षं मुदतीचे तीन टक्के व्याजाचे रोखे देऊन. मालकाने कर भरताना जमिनीची जी किंमत लिहून दिली, तीच भरपाई. दोन वर्षांत सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. आर्बेन्स यांनी स्वतःची १,७०० एकरसुद्धा सोडली.

देशातला सर्वांत मोठा जमीनमालक म्हणजे अमेरिकेची युनायटेड फ्रूट कंपनी. तिच्याकडे साडेपाच लाख एकर होती आणि त्यातली ८५ टक्के पडीक. कर वाचवायला कंपनीने वर्षानुवर्षं जमिनीची किंमत नाममात्र दाखवली होती, त्यामुळे तिच्याच कागदांवरून भरपाई निघाली एकरी सुमारे तीन डॉलर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने एकरी ७५ डॉलर मागितले. एका खासगी कंपनीच्या वतीने एका देशाचं सरकार दुसऱ्या देशाला बिल पाठवतं, हे वाचताना मला अजूनही संताप येतो. त्या वेळचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस ज्या वकिली पेढीचे भागीदार होते, तिने कंपनीचं काम केलं होतं. त्यांचे धाकटे बंधू ॲलन डलेस सीआयएचे प्रमुख होते.

दादाने समाधीजवळच हरकत घेतली. म्हणाला, "अगं, शीतयुद्ध होतं. त्यांना खरंच भीती वाटत असेल." वाटत असेलही. आर्बेन्स यांचे जवळचे सल्लागार कम्युनिस्ट होते, डिक्री ९०० घडवण्यात त्यांचा हात होता, आणि पुढे परागंदा असताना आर्बेन्स स्वतः पक्षात गेले. हे लपवून काही साधत नाही. पण ग्वाटेमालाच्या संसदेतल्या साठाच्या आसपास जागांपैकी कम्युनिस्टांकडे होत्या चार, आणि मंत्रिमंडळात एकही नाही. आर्बेन्स यांची सत्ता उलथल्यानंतर सीआयएने सरकारी दप्तरं उपसून मॉस्कोशी संधानाचे पुरावे शोधले. हाती लागण्यासारखं काही निघालं नाही.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी ऑगस्ट १९५३ मध्ये आर्बेन्स यांना हटवण्याची जी मोहीम मंजूर केली तिचं सांकेतिक नाव होतं पीबीसक्सेस, तरतूद २७ लाख डॉलर. हे सगळं आता सीआयएच्या स्वतःच्या कागदांतून उपलब्ध आहे. १९९७ मध्ये सुमारे १,४०० पानं खुली झाली. त्यांत माणसं कशी मारावीत याची एक पुस्तिका आहे आणि ज्यांना संपवायचं त्यांच्या याद्यांचा उल्लेख आहे. नावं काळ्या शाईने झाकलेली आहेत. त्या याद्या तेव्हा वापरल्या गेल्याचा पुरावा नाही. मात्र याद्या करण्याची विद्या या देशात रुजली ती कायमची. १९६५च्या अखेरीस अमेरिकेचा एक पोलीस सल्लागार येऊन इथल्या पोलिसांची विशेष पथकं बांधून गेला. मार्च १९६६ मध्ये तीसेक कामगार आणि डावे नेते उचलले गेले, त्यांचे मृतदेहही मिळाले नाहीत. पुढे बेपत्तांचा आकडा ४५,००० पर्यंत गेला.

आर्बेन्स यांनी २७ जून १९५४ रोजी राजीनामा दिला आणि मेक्सिकोच्या वकिलातीत आसरा घेतला. सप्टेंबरमध्ये देश सोडताना विमानतळावर त्यांना छायाचित्रकारांसमोर कपडे उतरवायला लावले. दादा ते छायाचित्र फोनवर बराच वेळ बघत होता. पुढे दिवसभर आमचा वाद झाला नाही.

बुधवार, अटलांटिकचा रस्ता

आज बसने पूर्वेकडे. ज्या रस्त्याने निघालो तो आर्बेन्स यांनीच हाती घेतलेला. बंदरापर्यंत जाणारी एकुलती एक रेल्वे युनायटेड फ्रूटच्या ताब्यातली, बंदर पुएर्तो बारिओस तेही तिच्याच मुठीत. म्हणून रेल्वेला समांतर सरकारी रस्ता आणि शेजारी सरकारी बंदर, असा त्यांचा बेत होता. कंपनीची मालमत्ता न घेता तिच्याशी स्पर्धा करायची. ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष आल्वारो कोलोम यांनी आर्बेन्स कुटुंबाची सरकारतर्फे माफी मागितली आणि या रस्त्याला त्यांचं नाव दिलं. आता यावरून कंटेनरचे ट्रक जातात, एकामागे एक, आणि घाट उतरला की उकाडा सुरू होतो.

वाटेत ग्वालान लागतं. मोताग्वा नदीच्या काठचं लहानसं गाव. आम्ही मुद्दाम उतरलो, चौकात बसून गार आतोल, म्हणजे मक्याचं पेय, प्यायलो. आर्बेन्सविरोधी परागंदा ग्वाटेमालन कर्नल कास्तियो आर्मास १८ जून १९५४ला होंडुरासमधून शिरला तेव्हा त्याच्याकडे जेमतेम ४८० माणसं होती, सीआयएने पैसे देऊन उभी केलेली. त्यातली १२२ या ग्वालानवर चालून आली. इथे तीस सैनिक होते, एका तरुण लेफ्टनंटच्या हाताखाली. ते छत्तीस तास लढले आणि चालून आलेल्यांतले तीसेकच निसटले. पुएर्तो बारिओसवर दुसरी तुकडी गेली, तिला पोलिसांनी आणि गोदी कामगारांनी पिटाळून लावलं. रणांगणावर ही स्वारी हरली होती.

जिंकली ती रेडिओवर. १ मेपासून एक गुप्त केंद्र बोलू लागलं होतं, आपण ग्वाटेमालाच्याच जंगलातून बोलतोय असं सांगत. कार्यक्रम फ्लोरिडात ध्वनिमुद्रित व्हायचे आणि निकाराग्वातून हवेत सोडले जायचे. मोठमोठ्या फौजा राजधानीकडे निघाल्यात, सैन्यातले अधिकारी फितूर झालेत, अशा बातम्या. वरून अमेरिकेची विमानं, अमेरिकी वैमानिक, पत्रकं आणि बॉम्ब. सान होसे बंदरात एक ब्रिटिश मालवाहू जहाजसुद्धा त्यांनी जाळलं. साकापाच्या छावणीतले अधिकारी कास्तियो आर्मासला भ्यायले नाहीत. याला हरवलं तर पाठोपाठ अमेरिकेचं नौदल येईल, याला भ्यायले. आणि लढले नाहीत. ग्वालानच्या त्या तीस जणांबद्दल चौकातल्या आतोलवालीला विचारलं. तिला ठाऊक होतं. तिच्या आजीने गोळीबार ऐकला होता, पोत्यांच्या आड पडून.

दुपारी किरिग्वा. प्राचीन मायांचे कोरीव शिलास्तंभ, सर्वांत उंच साडेदहा मीटरच्या आसपास, आणि भोवती नजर पोहोचेल तिथवर केळी. हे अवशेषसुद्धा एकेकाळी युनायटेड फ्रूटच्या जमिनीत होते. जागतिक वारशाच्या यादीतली ही जागा असल्याने पर्यटक स्तंभांची छायाचित्रं काढत होते. मी मात्र मळ्याकडे बघत राहिले. घडांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, घडाच्या ओझ्याने झाड कलू नये म्हणून बांधलेल्या दोऱ्या, फण्या धुण्याचे हौद. हे वाण म्हणजे आमच्याकडचं जी-नाईन, रावेर-यावलच्या पट्ट्यात टिश्यू कल्चरच्या रोपांतून लावतात तेच. पन्नासच्या दशकात इथे ग्रो मिशेल जातीची केळी होती आणि पनामा रोगाची बुरशी मातीत शिरली की ती जमीन सोडून नव्या जमिनीवर लागवड न्यावी लागे. पडीक जमीन राखून ठेवायला कंपनी हेच कारण द्यायची. कारण खोटं नव्हतं. पण लाखो एकर राखून ठेवायची आणि कुंपणाबाहेर माणसं उपाशी, हे कुठल्याही रोगाने समर्थनीय होत नाही.

या कंपनीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. आर्बेन्स गेल्यानंतर आठवड्याच्या आतच अमेरिकेच्या न्याय खात्याने तिच्यावर मक्तेदारीविरोधी खटला भरला. १९७२ मध्ये तिने ग्वाटेमालातले मळे डेल माँटेला विकले. कंपनी निघून गेली. तिच्यासाठी जे केलं गेलं, ते इथेच राहिलं.

गुरुवार, पुएर्तो बारिओस

सकाळी धक्क्यापाशी. मे १९५४ मध्ये आल्फहेम नावाचं जहाज चेकोस्लोव्हाकियातून आलेली सुमारे दोन हजार टन शस्त्रं घेऊन इथे लागलं होतं. अमेरिकेने अनेक वर्षं ग्वाटेमालाला शस्त्रं विकणं बंद केलेलं, मित्रदेशांनाही विकू दिली नव्हती. म्हणून आर्बेन्स तिकडे वळले, आणि वळले म्हणून ते मॉस्कोचे हस्तक ठरले. त्या मालातली बरीचशी शस्त्रं निकामी होती. वॉशिंग्टनला त्याने फरक पडला नाही, हवा होता तो पुरावा मिळाला होता. रेल्वे आता बंद आहे. रुळांवर गवत आणि टपऱ्या.

दुपारच्या बसने चिकिमुलामार्गे एस्किपुलास.

शुक्रवार, एस्किपुलास

पांढरीशुभ्र बॅसिलिका आणि आत काळा ख्रिस्त. पंधरा जानेवारीची जत्रा उलटून गेली तरी भाविकांची रांग होती. माया बाया लेकरांना पाठीवर बांधून, गुडघ्यांवर चालत येतात आणि परतताना मूर्तीकडे पाठ न करता मागे मागे सरकत बाहेर पडतात. मला फार ओळखीची वाटली ही भक्ती, म्हणूनच पुढचं लिहिताना जड जातं. तेव्हाचे आर्चबिशप रोसेल यांनी याच ख्रिस्ताची ब्राँझची प्रतिकृती सरकारविरोधी वातावरण तापवायला देशभर फिरवली. ९ एप्रिल १९५४ रोजी त्यांचं पत्र चर्चाचर्चांतून वाचलं गेलं, कम्युनिझमविरुद्ध उठा म्हणून. कास्तियो आर्मासने आपलं पहिलं ठाणं याच गावात केलं. होंडुरासची सीमा इथून अगदी जवळ आहे.

त्याने सत्तेवर येताच डिक्री ९०० रद्द केली. जमिनी परत घेतल्या. निरक्षरांचा मताधिकार काढला, म्हणजे बहुसंख्य मायांचा. १९५७ मध्ये त्याच्याच राजवाड्यात त्याला गोळी घातली गेली.

मंदिराबाहेर साखरपाक घातलेल्या मिठाया आणि रंगीत टोप्यांची दुकानं. याच गावात १९८६ मध्ये मध्य अमेरिकेचे पाच राष्ट्राध्यक्ष जमले आणि निकाराग्वा, एल साल्वादोर, ग्वाटेमालातल्या लढाया आपसांत बोलून थांबवायचं ठरवलं. वॉशिंग्टन तेव्हा निकाराग्वातल्या कॉन्ट्रा बंडखोरांना चोरवाटेने पैसा पुरवत होतं. छोट्या देशांनी त्याच्या मर्जीविरुद्ध केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

रविवार, राबिनाल

कालचा पूर्ण दिवस प्रवासात गेला. एल रांचोला बस बदलून, सालामामार्गे, सुक्या डोंगरांमधून.

राबिनाल हे आची मायांचं गाव. रविवारचा बाजार, संत्री, मातीची भांडी, हातमागाचे हुइपील, म्हणजे बायकांचे झगे. गावातल्या लोकांनीच चालवलेलं एक संग्रहालय आहे. एका खोलीत भिंतभर मृतांची छायाचित्रं, बरीचशी ओळखपत्रांवरून मोठी केलेली, त्यामुळे सगळे थेट समोर बघतात. दाखवणारी बाई माझ्याच वयाची. "या माझ्या मावश्या," म्हणाली, आणि बोट दोन फोटोंवर ठेवलं.

इथून उत्तरेला चिशोय नदीवर धरण बांधायचं होतं, जागतिक बँकेच्या कर्जातून. रिओ नेग्रोच्या लोकांनी गाव सोडायला नकार दिला. त्यांना गनिमांचे साथीदार ठरवलं. १३ मार्च १९८२ रोजी लष्कर आणि शेजारच्या शोकोक गावचे, लष्कराने गावकऱ्यांतून उभे केलेले नागरी गस्तवाले आले. पुरुष आधीच मारले गेले होते किंवा डोंगरात होते. ७० बायका आणि १०७ मुलं, १७७ जणांना डोंगरावर चालवत नेऊन मारलं. काही मुलांना गस्तवाल्यांनी घरी नेलं, गड्यासारखं राबवायला. पुढच्या वर्षी धरणाचं पाणी चढलं. वाचलेल्यांना राबिनालच्या कडेला पाकुश नावाच्या वसाहतीत बसवलं. तिथवर जाऊन आलो. एकसारखी घरं, शेत नाही. धरणाच्या विजेने राजधानी उजळते आणि बाईने सांगितलं की पाकुशला बिल भरता न आल्याने वीज तुटायची. २०१४ मध्ये सरकारने धरणग्रस्तांची माफी मागून १५ कोटी डॉलरच्या वर भरपाई कबूल केली, तीही लढून लढून.

कोयना, उजनी, जायकवाडी बघितलेल्या माणसाला धरणग्रस्त म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिथेही लोकांची फरफट झाली. पण इथे हरकत घेतलेलं गावच पुसलं.

मी बाईला विचारलं, याचा अमेरिकेशी संबंध तुम्ही कसा जोडता? तिने उत्तर देताना शब्द शोधले नाहीत. तिच्या आजोबांना आर्बेन्सच्या काळात एका फिंकाची, म्हणजे मोठ्या मळ्याची, जमीन मिळाली होती, दोन पिकं घेतली, मग शिपाई येऊन काढून घेतली. त्यांनी पुढे कधी कागदावर अंगठा दिला नाही. "कायद्याने मागितलं, त्याचं काय झालं हे पोरांनी पाहिलं," ती म्हणाली. "म्हणून काही जण बंदुका घेऊन डोंगरात गेले, आणि त्यांच्यामुळे आम्ही सगळे मेलो."

मी तिचं बोलणं वहीत लिहून घेतलं. इतिहासाची जाड पुस्तकं जे सांगतात तेच हे. १३ नोव्हेंबर १९६० रोजी काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केलं. त्यांच्या रागाचं एक कारण असं होतं की सीआयए त्यांच्याच भूमीवर, रेतालुलेउच्या एका कॉफीमळ्यात, क्यूबावर सोडायच्या फौजेला शिकवत होती. बंड फसलं, उरलेले डोंगरात गेले, ती गनिमी लढ्याची सुरुवात. म्हणजे ग्वाटेमालातलं यश पाहून वॉशिंग्टनने तोच प्रयोग क्यूबावर करायला घेतला, १९६१ मध्ये बे ऑफ पिग्जला तोंडघशी पडले, आणि जाता जाता इथे ३६ वर्षांचं युद्ध पेटवून गेले. १९५४ मध्ये याच राजधानीत एक अर्जेंटिनी तरुण डॉक्टर काम शोधत होता, अर्नेस्तो गेवारा, पुढे चे गेवारा म्हणून ओळखला गेलेला. त्यानेही सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि आपला धडा घेतला.

सोमवार, कोबान

धुकं, भुरभुर पाऊस आणि बाजारात शिरताच वेलदोड्याचा वास. जगात सर्वांत जास्त वेलदोडा ग्वाटेमालात पिकतो आणि त्यातला मोठा वाटा या आल्ता व्हेरापास प्रांताचा. रोप आलं आपल्याकडून, मलबारमधून, शंभरेक वर्षांपूर्वी, जर्मन मळेवाल्यांच्या हातून. पिकवणारे केक्ची माया शेतकरी स्वतः वेलदोडा फारसा खात नाहीत, तो बराचसा अरब देशांत जातो. आम्ही चहात घालतो म्हटल्यावर दुकानदार हसला आणि मूठभर हातावर ठेवला.

गावाबाहेर जुनी लष्करी छावणी आहे. २०१२ पासून तिथे खोदकाम झालं आणि साडेपाचशेच्या वर सांगाडे निघाले, कित्येकांचे हात बांधलेले, डोळ्यांवर पट्ट्या. त्यांतले काही रिओ नेग्रोहून आलेले. हे काम करणारी न्यायवैद्यक संस्था ग्वाटेमालन तरुणांनी उभी केली आहे. त्या मुलामुलींबद्दल मला अपार आदर वाटतो.

बुधवार, नेबाख आणि आकुल

कोबान ते नेबाख हा रस्ता कच्चा, डोंगर ढासळलेला, मायक्रोबसमध्ये गुडघे पोटाशी. उस्पांतानला गाडी बदलली. ती सगळी दमछाक नेबाखच्या खोऱ्यात उतरल्यावर विसरले. लाल कोर्ते (लांब घागरे) नेसलेल्या, केसांत गोंडे गुंफलेल्या इशिल माया बाया आणि भोवती हिरव्या डोंगरांचं कडं. रात्री खाणावळीत बॉशबोल खाल्लं. मक्याचं पीठ वेलीच्या पानात गुंडाळून उकडतात, वर भोपळ्याच्या बियांची चटणी. आईच्या अळूवडीची आठवण झाली.

आज डोंगर ओलांडून आकुलला चालत गेलो. सोबतचा वाटाड्या पन्नाशीचा. खिंडीतून खाली बघितल्यावर गाव वेगळंच दिसतं, आखीव, काटकोनात गल्ल्या. बाकीची इशिल गावं अशी नसतात. हे लष्कराने वसवलेलं पहिलं "आदर्श गाव". आधी घरं, मका, जनावरं जाळायची, लोकांना डोंगरात उपाशी मारायचं, शरण आले की या गल्ल्यांत ठेवायचं आणि पुरुषांना गस्तीच्या कामाला जुंपायचं.

फेब्रुवारी १९८२ची सीआयएची एक गुप्त तार आता खुली आहे. तिच्यात या खोऱ्यातल्या मोहिमेचं वर्णन आहे: गनिमांना मदत करणारी गावं नष्ट करण्याचे आदेश दिलेले आहेत, आणि सगळी इशिल जनता गनिमांच्या बाजूची आहे असं लष्कर मानत असल्याने लढणारा कोण आणि न लढणारा कोण याचा भेद ते करणार नाहीत, असं तारेत स्वच्छ लिहिलं आहे. वॉशिंग्टनला माहीत होतं. मार्चमध्ये जनरल रिओस मोंत सत्तेवर आला. डिसेंबरमध्ये अध्यक्ष रेगन होंडुरासला येऊन त्याला भेटले आणि पत्रकारांना म्हणाले की या माणसावर उगाच आळ घेतले जातात. त्यानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांत पेतेन भागातल्या दोस एरेस गावात लष्कराने सुमारे दोनशे माणसं मारली.

१० मे २०१३ रोजी इथल्याच न्यायालयाने रिओस मोंतला १,७७१ इशिल लोकांच्या वंशसंहारासाठी आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी मिळून ८० वर्षांची शिक्षा दिली. एखाद्या देशाने आपल्याच माजी सत्ताधीशाला आपल्याच न्यायालयात वंशसंहाराचा दोषी ठरवण्याची ही पहिली वेळ. दहा दिवसांत वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला. २०१८ मध्ये तो घरी मेला. वाटाड्याची मोठी बहीण त्या खटल्यात साक्षीला उभी राहिली होती. तो म्हणाला, "निकाल दहा दिवस टिकला, साक्ष मात्र कागदावर राहिली. ती कोणाला काढता येत नाही."

अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन १९९९ मध्ये ग्वाटेमाला सिटीत येऊन म्हणाले की दडपशाही करणाऱ्या लष्कराला आणि गुप्तचर विभागांना अमेरिकेने दिलेला पाठिंबा चूक होता. त्यांनी हे कबूल केलं, याला मोल आहे. पण त्यांच्याच देशाने ज्यांच्या जमिनी हिरावल्या, त्यांची नातवंडं सीमेवर आली की त्यांना घुसखोर म्हणून परत पाठवतात. नेबाखमध्ये जिथे तिथे नवी तीन मजली घरं उभी राहतायत, आरशाच्या काचा, अमेरिकेचे झेंडे रंगवलेले. पैसा तिकडून येतो. २०२३ मध्ये परदेशातल्या ग्वाटेमालन लोकांनी १९ अब्ज डॉलरहून जास्त घरी पाठवले, देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आणि इथे पाच वर्षांखालच्या जवळपास निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली आहे.

शुक्रवार, तोतोनिकापान

शेवटचा मुक्काम दादाने ठरवला होता. २०१७च्या वादळानंतर ह्यूस्टनला त्याच्या घराचं छप्पर ज्यांनी बदललं, ते दोघे भाऊ सान क्रिस्तोबाल तोतोनिकापानचे. या गावची हजारो किचे माया माणसं ह्यूस्टनला आहेत. भावांच्या वडिलांनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. सत्तरी ओलांडलेले, ताठ. मी त्यांना काका म्हणू लागले, तर दादाने तो शब्द त्यांना समजावला.

४८ कान्तोनेस ही इथली माया पंचायत. पदाधिकारी वर्षभर बिनपगारी काम करतात, पाण्याचे झरे आणि गावकीचं जंगल सांभाळतात. काकांनीही एक वर्ष पदाची काठी हाती घेतली होती. २०१२ मध्ये आलास्का नावाच्या खिंडीत लष्कराने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, त्यात इथलेच सहा गेले. तरी २०२३ मध्ये सरकारी वकिलांचं खातं निवडणुकीचा निकाल उलटवू बघतंय असं दिसताच रस्ते अडवायला सर्वांत पुढे हेच होते. राजधानीत त्या कचेरीसमोर १०६ दिवस धरणं धरलं. ज्याच्यासाठी धरलं ते बेर्नार्दो आरेवालो हे १९४४च्या क्रांतीनंतर निवडून आलेल्या आरेवालोंचे चिरंजीव. वडील परागंदा असताना माँटेव्हिडिओत जन्मलेले. जानेवारी २०२४ मध्ये ते अध्यक्ष झाले. काकांना त्यांच्याविषयी फार आशा नाही. माणूस भला आहे, म्हणाले, पण जमिनीचं नाव काढत नाही.

लहानपणी काका वडिलांबरोबर ट्रकमधून किनाऱ्यावरच्या फिंकांवर कापूस वेचायला जायचे. इथे वाट्याला आलेल्या काही क्वेर्दांवर (जमिनीचं इथलं छोटं माप) मका पिकायचा तो चार महिने पुरायचा. त्यांच्या चुलत्याला तिकिसातेला, युनायटेड फ्रूट कंपनीच्या पडीक जमिनीतला तुकडा मिळाला होता. १९५४ मध्ये तो तुकडा गेला. मग मी आजोबांची गोष्ट सांगितली. दादा वाक्यावाक्याला स्पॅनिश करत होता, काका शेजारी बसलेल्या काकूंना किचेत सांगत होते. त्यांनी नेमके प्रश्न विचारले. किती जमीन? विहीर होती का? मालकाला पैसे मिळाले का? मी सांगितलं, मिळाले, आजोबांनी फेडले.

"आणि नंतर कोणी काढून घ्यायला आलं नाही?"

"नाही आलं."

त्यांनी हे काकूंना सांगितलं, आणि काकूंनी उलट काहीतरी विचारलं. आम्ही काय पेरतो, हे त्यांना हवं होतं. केळी म्हटल्यावर दोघंही हसले. निरोप घेताना काकांनी सांगितलं की उद्या सकाळी पंचायतीची सभा आहे, वरच्या झऱ्याची पाइपलाइन फुटली आहे आणि जंगलात कोणीतरी पाइनची झाडं तोडली आहेत, दोन्हींचा निकाल लावायचा आहे. बसायचं असेल तर सातला या. दादाने परतीचं तिकीट एक दिवस पुढे ढकललं.